शिळ्या उसाची तार

फेब्रुवारीचं ऊन चढतं तेव्हा कारखान्याच्या यार्डात ओळीनं उभ्या ट्रॉल्यांतला ऊस दिसायला ताजाच असतो. वाडं वाळलेलं, पण कांडी टणक. तोडून दोन दिवस झालेत हे डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतं. बुडख्याच्या कापाशी नाक नेलं की आंबूस वास येतो. त्या कापावर बोट टेकवून हलकेच उचललं तर बोटामागून केसाएवढी तार निघते.

ही तार साखरेची नाही. साखर होती, ती गेली आणि तिच्या जागी हे आलं. त्याचं नाव डेक्स्ट्रान. करणारा जिवाणू ल्युकोनॉस्टॉक मेसेन्टेरॉइडिस. तो कारखान्यात जन्माला येत नाही. शेतातच असतो, पानांवर, उसाच्या सालीवर, मातीत. साल शाबूत आणि तिच्यावरचं मेण जागेवर असेतो त्याला आत जाता येत नाही. कोयता लागला की दार उघडतं.

आत गेल्यावर तो जे करतो त्यात एक हिशेबी चलाखी आहे. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. जिवाणू पेशीबाहेर डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचं एन्झाइम सोडतो. ते ही जोडी फोडतं, फ्रुक्टोज मोकळं करतं आणि ग्लुकोजचा मणी माळेत ओवतं. जोडी फुटताना जी ऊर्जा सुटते तिच्यावरच पुढचा मणी ओवला जातो, त्यामुळे जिवाणूला वेगळं इंधन जाळावं लागत नाही. मोकळं झालेलं फ्रुक्टोज तो खातो. माळ वाढत वाढत लाखो, कधी कोट्यवधी डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) वजनाची होते. तिचा त्याला उपयोग साधा: अंगाभोवती ओलसर, चिकट पांघरूण. वाळून मरायचं नाही आणि धुतलं तरी सुटायचं नाही.

साखर कारखान्यात या पांघरुणाला शिव्या पडतात. रस दाट होतो, गाळण अडते, पॅनमध्ये उकळायला वेळ लागतो. स्फटिक चौकोनी ठसठशीत न होता लांबट, सुईसारखे होतात, कारण माळा स्फटिकाच्या ठरावीक बाजूंना चिकटून बसतात आणि त्या बाजूंची वाढ रोखतात. अशा लांबट दाण्यांच्या गर्दीतून मळी सुटत नाही. पण सगळ्यात चावरी गोष्ट प्रयोगशाळेत घडते. रसात साखर किती हे पोलरीमीटरवर, प्रकाश किती वळला यावरून मोजतात. साखरेचं विशिष्ट वलन +६६.५ अंश. डेक्स्ट्रानचं जवळजवळ +२००, म्हणजे तिप्पट. रसात थोडं जरी डेक्स्ट्रान असलं तरी यंत्र त्याला साखर समजून मोजतं. कागदावर उतारा दिसतो, पोत्यात येत नाही.

जळीत उसात हे जोरात होतं. आगीनं मेण जातं, साल तडकते, आणि मग तो ऊस ट्रॉलीत पडून राहिला की जिवाणूला आवतणच. यंत्रानं तोडलेल्या उसाचे तुकडे लहान, म्हणून कापही जास्त. उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहेत: तोडणी ते गाळप २४ तासांच्या आत, रोलरखालच्या कोपऱ्यात रस साचू द्यायचा नाही, दर पाळीला गरम पाणी आणि वाफ. मात्र एक गोष्ट नेहमी गफलतीनं समजली जाते. रस तापवला की जिवाणू मरतो, त्याचं एन्झाइमही बाद होतं, पण आधीच तयार झालेली तार तशीच राहते. ती तोडायला डेक्स्ट्रानेज हे दुसरं एन्झाइम घालावं लागतं, आणि ते महाग. उकळी हा इथे इलाज नाही, उशीर थांबवणं हाच आहे.

गुऱ्हाळावर हेच वेगळ्या तऱ्हेनं कळतं. कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौदा रंगावर आणि कणीवर होतो, आणि शिळ्या उसाचा गूळ दोन्हीत मार खातो. रस आंबला की आम्लं वाढतात, साखर फुटते, काहिलीत पाक कितीही राखला तरी गुळाचा रवा (ढेप) घट्ट बसत नाही, पाणी सुटतं. मग आम्लता मारायला चुना जास्त, चुन्यानं रंग काळवंडला म्हणून उजळायला हायड्रॉस पावडर जास्त. दम्याच्या रुग्णाला त्रास देणारं सल्फाइट गुळात शिरतं ते या वाटेनं. चूक गुळव्याच्या नावावर लागते, खरी चूक दोन दिवस आधी फडात झालेली असते.

रसवंतीच्या पेल्यातल्या डेक्स्ट्रानचं मात्र भय नको. आपल्या आतड्यातली एन्झाइमं ही माळ हळूहळू फोडतात, उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू. पेल्यातून दुखणं येतं ते बर्फाच्या आणि बादलीतल्या पाण्याच्या वाटेनं.

पोटात निरुपद्रवी असलेली हीच तार शिरेत गेली तर काय होईल? हा प्रश्न विचारण्याआधी बरीच वर्षं नुसतं नाव-गाव ठरवण्यात गेली. पाश्चरनं १८६१ मध्ये दाखवलं की साखरेच्या पाकाला आलेला बुळबुळीतपणा जिवाणूंचा आहे. शाइब्लर यानं १८७४ मध्ये पदार्थाला डेक्स्ट्रान नाव दिलं, फान टीगेम यानं १८७८ मध्ये जिवाणूला. तिकडे युरोपात कारखाने उसाचे नव्हते, बीटचे होते. कुरकुर हीच. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे ग्रोनवाल आणि इंगेलमान या संशोधकांनी या चिकट पदार्थाकडे उलट्या बाजूनं पाहिलं. रक्तस्राव झालेल्या माणसाच्या शिरेत नुसतं सलाइन दिलं तर बरंचसं पाणी थोड्याच वेळात शिरेबाहेर ऊतींमध्ये झिरपतं. पाण्याला शिरेत धरून ठेवणारं काहीतरी मोठं, न झिरपणारं हवं. रक्तात ते काम अल्ब्युमिन हे प्रथिन करतं. डेक्स्ट्रानची माळ ते करू शकते, मात्र बेताच्या लांबीची हवी.

अमेरिकेत पिओरिया इथल्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स यांनी हेच काम पुढे नेलं. कोरियाच्या युद्धात जखमी सैनिकांना डेक्स्ट्रानच्या बाटल्या लागल्या. त्या प्रयोगशाळेचा एनआरआरएल बी-५१२एफ हा ल्युकोनॉस्टॉकचा वाण डेक्स्ट्रान बनवणाऱ्या उद्योगाचा आधार ठरला.

लांबीचं गणित समजायला उसाची लागणच बरी. आख्खा ऊस कुणी सरीत पुरत नाही, टिपरी करतात: एक डोळा, दोन डोळे, तीन डोळे. डेक्स्ट्रानचंही तसंच. मूळ माळ शिरेत दिली तर रक्त दाट होतं, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. म्हणून आधी पातळ आम्लात तापवून माळ तोडतात. तुटताना तुकडे सगळ्या मापांचे होतात. मग द्रावणात अल्कोहोल थोडं थोडं वाढवत नेतात. लांब तुकडे आधी खाली बसतात, मधले नंतर, आखूड शेवटपर्यंत विरघळलेले राहतात. मधला थर उचलायचा. सरासरी ७०,००० डाल्टनचा असेल तर डेक्स्ट्रान ७०, तो सहसा ६ टक्क्यांच्या द्रावणात. ४०,००० चा डेक्स्ट्रान ४०, तो १० टक्क्यांच्या. आखूड तुकडे मूत्रपिंडातून लवकर निघून जातात, लांब तुकडे जास्त वेळ टिकतात. डेक्स्ट्रान ४० पेशी आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून तुटलेलं बोट जोडण्यासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत तो वापरात आला. ज्या पदार्थानं चिकटपणा आणला, त्याचाच आखूड तुकडा चिकटणं सोडवतो.

वापरताना बिघडतं ते कुठे? पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम ही मर्यादा. ५० किलोच्या माणसाला १० टक्क्यांचं एक लिटर, त्यापुढे नाही. ओलांडली तर रक्त गोठण्यात अडथळा येतो आणि रक्तस्राव वाढतो, म्हणजे ज्यासाठी दिलं त्याच्या उलट. शरीरात पाणी कमी असताना डेक्स्ट्रान ४० दिलं तर गाळलेली लघवी नलिकांतच घट्ट होऊन मूत्रपिंड बंद पडू शकतं. तिसरी चूक साधी पण घातकी: रक्तगट आणि क्रॉसमॅचिंगसाठीचा (देणाऱ्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का हे पाहण्यासाठीचा) नमुना बाटली लावण्याआधी घ्यायचा. नंतर घेतला तर पेशींच्या त्या चळती गुठळ्यांसारख्या दिसतात आणि रक्तपेढीतल्या माणसाला गट ठरवता येत नाही.

आणि ॲलर्जी. डेक्स्ट्रान कधीही न घेतलेल्या अनेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी आधीच असते, कारण आतड्यातले आणि अन्नातले जिवाणू असल्या माळा करतच असतात. अँटिबॉडी जास्त असलेल्याला बाटली लावताच रक्तदाब कोसळू शकतो. त्यावरचा तोडगा देखणा आहे. अगदी आखूड, १,००० डाल्टनचा तुकडा २० मिली आधी टोचायचा आणि काही मिनिटांत बाटली लावायची. आखूड तुकडा अँटिबॉडीची पकड भरून टाकतो, पण दोन अँटिबॉडींना एकमेकींशी जोडण्याइतका लांब नसतो. जाळं विणलंच जात नाही. आज रक्तस्रावाच्या रुग्णाला पहिली बाटली सलाइनची किंवा रिंगर लॅक्टेटची (हेही क्षारांचं पाणीच) लागते, डेक्स्ट्रान मागे पडलं. पण कोरड्या डोळ्यांच्या थेंबांत ०.१ टक्का डेक्स्ट्रान ७० अजून भेटतं. लोह टोचण्यासाठीही त्याच्या माळेत लोह गुंडाळलेलं आयर्न डेक्स्ट्रान आहे, मिलीला ५० मिलिग्रॅम लोह. त्याचा पहिला डोस अर्ध्या मिलीचा, चाचणीचा. तोही ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून, आणि नंतर निदान तासभर रुग्णावर नजर ठेवून.

पीक बिघडवणारे आणखीही जिवाणू औषधाच्या कामी आले आहेत. उसाला सोडून कोबीकडे वळू. कोबीच्या पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग शिरतो आणि त्यातल्या शिरा काळ्या पडतात. शेतकरी याला काळी कूज किंवा घाण्या रोग म्हणतात. करणारा झँथोमोनास कँपेस्ट्रिस. तो पानाच्या कडेच्या पाणी टाकणाऱ्या छिद्रांतून शिरतो आणि पाण्याच्या नळ्यांत पसरतो. त्याच्याही अंगाभोवती चिकट माळ असते, झँथन. त्या चिकटानं नळ्या तुंबायला मदत होते. पिओरियाच्या त्याच प्रयोगशाळेत तिच्या उत्पादनाची पद्धत बसवली गेली, अमेरिकेत १९६९ मध्ये खाद्यपदार्थात वापरायला परवानगी मिळाली. आता ती टूथपेस्टमध्ये आहे, खोकल्याच्या औषधात आहे, बाटली हलवली की खाली बसलेली पावडर वर येऊन तरंगत राहते ती तिच्यामुळे.

पण आरोग्याच्या दृष्टीनं झँथनचं मोठं काम गिळण्याशी आहे, आणि ते घरातल्या घरात करायचं असल्यानं इथे थोडं थांबतो. पक्षाघातानंतर पुष्कळांना पातळ पाणी नीट गिळता येत नाही. पाणी घशातून फार वेगानं जातं, श्वासनळीचं झाकण वेळेवर मिटत नाही, पाणी फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून पातळ पदार्थ दाट करून देतात. आपल्याकडे यावर पहिला सल्ला मिळतो तो तांदळाची पेज किंवा नाचणीची आंबील देण्याचा. चव चांगली, हेतू चांगला, पण दोन अडचणी. एक, त्यात कणी राहतात. दुसरी जास्त मोठी: पेजेचा दाटपणा स्टार्चचा असतो आणि लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं. वाटीत दाट दिसलेली पेज तोंडात धरली की पातळ होते, आणि उष्टा चमचा वाटीत परत बुडवला की वाटीतलीही. झँथनवर अमायलेजचं काही चालत नाही. म्हणून गिळण्याच्या रुग्णासाठी झँथनची पावडर बरी.

ती घालतानाही चुकतं. पावडर एकदम ओतली की वरची पूड भिजून कवच धरते आणि आत कोरड्या गोळ्या राहतात. पाणी ढवळत राहायचं आणि पावडर भुरभुरत टाकायची, मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. न थांबता ‘अजून पातळच आहे’ म्हणून दुसरा चमचा घातला की दहा मिनिटांनी खळ तयार. दाटपणा मोजायला जगभर मान्य झालेली पद्धत १० मिलीच्या सिरिंजची आहे: सुई काढायची, दट्ट्या काढायचा, सिरिंजच्या तोंडाला बोट लावून दाट केलेलं पाणी १० मिलीपर्यंत भरायचं, बोट सोडून १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचं. आत १ ते ४ मिली उरलं तर दाटपणाची पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ हून जास्त उरूनही थोडं वाहत असेल तर तिसरी. मात्र १० मिलीच्या सिरिंज सगळ्या सारख्या नसतात. शून्य ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेलीच घ्यायची, नाहीतर आकडा फसवतो. कोणत्या पायरीचं द्यायचं हे गिळणं तपासणाऱ्या तज्ज्ञानं ठरवायचं. डोळ्यांना ‘बऱ्यापैकी दाट’ वाटणं हे माप नाही.

दोन ठिकाणी सावध राहायचं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल असलेलं जुलाबाचं औषध स्टार्चनं दाट केलेल्या पाण्यात मिसळलं की मिश्रण एकदम पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये याबद्दल इशारा दिला. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दुधात झँथन नाही. अमेरिकेत अशा बाळांमध्ये आतड्याचा गंभीर आजार आढळल्यावर २०११ मध्ये ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना ते देऊ नये असं सांगण्यात आलं. मोठ्यांना सुरक्षित म्हणजे सगळ्यांना सुरक्षित नव्हे, हे डेक्स्ट्रानच्या बाबतीतही आलंच.

कुजवणाऱ्यांमधला तिसरा थोडक्यात. बटाटा आतून लगदा करणारा, मक्याचं खोड बुडातून मऊ करून घाण वास सोडणारा जिवाणू, पूर्वीचं नाव अर्विनिया क्रिसँथेमी, आता डिकेया. त्याच्याकडून मिळणारं ॲस्परॅजिनेज हे एन्झाइम लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिलं जातं. ल्युकेमियाच्या बऱ्याच पेशींना ॲस्परॅजिन स्वतः बनवता येत नाही, त्या रक्तातून उचलतात. रक्तातलं ॲस्परॅजिन संपवलं की त्यांची उपासमार. निरोगी पेशी आपलं आपण बनवून घेतात. सहसा आधी ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूचं एन्झाइम देतात. त्याची ॲलर्जी आली की अर्विनियाचं, कारण शरीराला ते वेगळं प्रथिन वाटतं. स्वादुपिंडाला सूज आणि रक्त गोठण्यात बिघाड हे दोन्ही धोके राहतातच, म्हणून प्रत्येक इंजेक्शननंतर पोटदुखीची तक्रार हलक्यात घ्यायची नाही.

आता कोल्हापुरात ज्याची पाकिटं कृषी सेवा केंद्रात रचलेली असतात तो स्युडोमोनास फ्लुरोसन्स. आले-हळदीच्या बेण्याला, टोमॅटोच्या रोपांना लावतात. मुळाभोवती राहून तो मातीतलं लोह पकडून ठेवतो, बुरशीला मिळू देत नाही, आणि बुरशीला मारणारी रसायनंही सोडतो. त्यातलं पायरॉलनायट्रिन उन्हात टिकत नाही. त्याच्या घडणीवरून उन्हात टिकणारं फ्लुडिऑक्सोनिल तयार केलं गेलं, ते आज बीजप्रक्रियेत वापरतात. याच जातीच्या दुसऱ्या एका वाणापासून म्युपिरोसिन मिळालं. मेडिकलमध्ये २ टक्क्यांचं मलम मिळतं ते हेच. कातडीवरच्या पुवाच्या फोडांना दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त दहा दिवस. ते जिवाणूला आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल प्रथिनात बसवू देत नाही. गोळी का नाही मिळत? पोटात किंवा रक्तात गेलं की काही वेळातच त्याचे तुकडे होऊन ते निकामी होतं, म्हणून फक्त वरून. भाजलेल्या मोठ्या जखमेवर लावायचं नाही: मलमाच्या बैठकीतलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल उघड्या जखमेतून शोषलं जातं आणि मूत्रपिंडावर येतं. महिनोन्‌महिने लावत राहिलं की स्टॅफिलोकॉकस हा पुवाचा जिवाणू त्याला दाद देईनासा होतो, ही तक्रार त्वचातज्ज्ञ नेहमी करतात. पाकिटातली पावडर जखमेवर लावायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर तो तिथेच सोडावा. पाकिटात जिवंत जिवाणू असतात, मलमात त्याचं शुद्ध केलेलं एकच रसायन.

हा फरक किती खरा आहे ते कांद्यावरून कळतं. १९५० मध्ये बर्कहोल्डर यानं कांद्याची आतली पापुद्री आंबट वास मारत बुळबुळीत करणाऱ्या एका जिवाणूचं वर्णन केलं. आज त्याला बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणतात. लॅटिनमध्ये सेपा म्हणजे कांदा. त्याचे काही भाईबंद मुळांना बुरशीपासून वाचवतात, म्हणून ते पिकांसाठी वापरायचे ठरले होते. तोवर सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसात घट्ट चिकट स्राव साचणाऱ्या जन्मजात आजाराच्या) रुग्णांच्या फुप्फुसात तेच सापडायला लागले, आणि एकदा बसले की बहुतेक अँटिबायोटिकना दाद देत नाहीत. जंतुनाशकाच्या दूषित बाटलीतही ते तग धरतात. मिसळीवर चिरून टाकलेल्या कांद्यानं निरोगी माणसाला काही होत नाही. बुळबुळीत पापुद्री मात्र फेकून द्यायची, आणि घरात फुप्फुसाचा जुना रुग्ण असेल तर तो कांदा चिरलेली पाटी आणि हात साबणानं धुवायचे.

म्हणून बीजप्रक्रिया करणाऱ्यानं स्युडोमोनासचं पाकीट उघडताना वाऱ्याकडे पाठ करावी, तोंडाला मास्क लावावा, किलोभर बियाण्याला १० ग्रॅम पावडर सावलीत चोळावी. तांबेयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याच पाण्यात मिसळू नये, जिवाणू मरतो आणि पैसे मातीत जातात. ज्याचं मूत्रपिंड बदललं आहे किंवा केमोथेरपी चालू आहे, त्यानं ही पावडर स्वतः चोळू नये, दुसऱ्याला सांगावी.